बेसवाला चाकणला गेला आन माझा डावा हात कामाला लागला: नोव्हेशन बेस स्टेशन टू, दोन सीझन वाजवून

आधीच सांगतो, हा स्टुडिओवाल्याचा रिव्ह्यू नाही. मी लातूरकडचा ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला, एप्रिलात भीमजयंतीचे प्रोग्राम, मग लग्नसराई, मग गणपती, नवरात्र, मधी कुठं जत्रा-उरूस, असं वर्ष जातंय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पण वाजवलंय आन एसी हॉलमधी पण. त्यामुळं ह्या सिंथचं (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, नॉब फिरवून आपला आवाज आपणच बनवायचा कीबोर्ड) जे काय बरं-वाईट सांगायलो ते सगळं स्टेजवरचं, हेडफोन लावून खोलीत बसून ऐकलेलं नाही.

झालं असं की आमचा बेस गिटारवाला चाकणला कंपनीत लागला. पोरगं गुणी, त्याला काय म्हणणार, पगार महिन्याच्या महिन्याला येतोय, इथं प्रोग्रामचे पैसे कधी नारळासोबत तर कधी पुढच्या वर्षी. सुरुवातीला शनिवार-रविवार यायचा, मग शिफ्ट बदलली आन येणं बंद. भाड्यानं बेसवाला आणून बघितला तर त्याची गाडी, जेवण, मानधन देऊन आमच्या वाट्याला चहाच उरायला लागला. मग अण्णा, म्हणजे आमचे मेन गायक, म्हणले, "तुला दोन हात हायत ना, मग डाव्या हातानं वाजव की बेस." गायकाला सगळं सोपंच वाटतंय.

पहिले चार-पाच महिने जुगाड केला, आपला नेहमीचा ६१ चाव्यांचा कीबोर्ड स्प्लिट करून खालच्या दीड सप्तकात फिंगर बेसचा टोन टाकला आन वर उजव्या हाताला स्ट्रिंग्ज नाहीतर पियानो. बरेच जण असंच करतात आन छोट्या प्रोग्रामला भागतंय पण. पण त्यात तीन घोळ आहेत. पहिला, सस्टेन पेडल. उजव्या हाताच्या पियानोसाठी पाय दिला की खालचा बेस पण लांबतो, सा वाजवून पा वर गेलो तरी सा मागं घुमतच राहतो आन खाली नुसता चिखल. काही कीबोर्डात खालच्या भागाचं पेडल बंद करता येतंय, सेटिंगमधी शोधा, पण दरेक टोनला वेगळं करावं लागतंय आन चालू प्रोग्रामात एखादा राहतोच. दुसरा, बेसचे दोन सूर एकमेकांवर चढणं. बेस गिटारवाला एका तारेवर एकच सूर वाजवू शकतो, दुसरा दाबला की पहिला मरतो. कीबोर्डवर बोट उचलायला जरा उशीर झाला की दोन्ही वाजतात, वरच्या सप्तकात ते गोड लागतंय, खाली तेच दोन म्हशी एका दारातून निघाल्यासारखं होतंय. तिसरा घोळ सगळ्यात मोठा, स्ट्रिंग्ज आन बेस एकाच जॅकमधून एकाच चॅनलला जाणार. साउंडवाल्याला म्हणलं बेस वाढव, तर तो सगळाच कीबोर्ड वाढवणार. त्याचा काही दोष नाही, त्याच्या हातात माझ्यासाठी आवाज कमी-जास्त करायचा एकच फेडर आहे.

म्हणून मग हा घेतला. सेकंड हँड, पुण्यातून, एका पोराकडून. नवीन घ्यायचा म्हणलं तर अर्धी लग्नसराई त्यातच गेली असती.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. नोव्हेशन ही इंग्लंडची कंपनी, त्यांचा पहिला बेस स्टेशन १९९३ चा, हा दुसरा २०१३ चा. ॲनालॉग, मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर. २५ चाव्या, पण पूर्ण मापाच्या, खेळण्यातल्यासारख्या बारक्या नाहीत, आन ज्यांची बोटं हार्मोनियमवर वाढली त्यांना हे लई महत्त्वाचं आहे. दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर तयार करणारे भाग, वर एक सब ऑसिलेटर जो एक नाहीतर दोन सप्तक खालून वाजतो. फिल्टर, म्हणजे आवाजातला चिरका भाग कापणारा, दोन तऱ्हेचे, क्लासिक आन ॲसिड. पॅच, म्हणजे साठवून ठेवायचे आवाज, १२८. डिजिटलचा ऑसिलेटरवर ताबा असल्यामुळं सूर हलत नाही, मे महिन्यात दुपारी चार वाजता पत्र्याच्या मांडवात साउंड चेक केला आन रात्री दहाला बंद केला तरी सूर जागच्या जागी. जुन्या ॲनालॉगचं लोक सांगतात की तापला की सूर सोडतो, तसलं ह्यात काय मला दिसलं नाही.

आता "मोनो" ऐकून लोक नाक मुरडतात. एवढे पैसे देऊन एकच सूर? अहो पण बेसला तेच पाहिजे! वर म्हणलं तसं, दुसरी चावी दाबली की पहिला सूर आपोआप मरतो, चिखलच होत नाही. उलट पहिलं बोट न उचलता दुसरी चावी दाबली तर घसरत जाण्याची सोय पण आहे, ऑटोग्लाइड म्हणतात. तोडून वाजवलं तर सूर तुटक आन जोडून वाजवलं तर मींड. बेस गिटारवाला तारेवर बोट घासत जातो तसं. लावणीच्या ठेक्यात ढोलकीवाला बायावर, म्हणजे खालच्या सुराच्या तोंडावर, "घुंऽम" काढतो ना, त्याच्या बरोबर खालून असा एक घसरता सूर टाकला की ढोलकीवाला मान वळवून बघतोच. आमचा तर पहिल्यांदा हसला आन पुढचं सगळं गाणं माझ्याकडंच बघून वाजवलं.

साउंडवाल्या मामाची गंमत सांगतो. अहमदपूरच्या पुढं एका गावात नवरात्राचा प्रोग्राम, पहिल्यांदाच हा सिंथ नेलेला. मी स्टेजवरून ओरडलो, "मामा, बेस येईना!" मामा धावत जाऊन खालचे दोन खोके बघून आले, हात लावून बघितला, "चालू हायत की दोन्ही!" कारण आमच्याकडं साउंडवाल्याच्या भाषेत टॉप म्हणजे वरचे स्पीकर आन बेस म्हणजे खालचे १८ इंची डबे. "दोन टॉप दोन बेस" असाच तर भाव ठरतो. दहा मिनिटं आमचं हेच चाललं, मी म्हणायलो बेस येईना, ते म्हणायले बेस चालू हाय. शेवटी चॅनल बघितला तर म्यूट. तेव्हापासून मी चिकटपट्टीवर "डावा हात" लिहून मिक्सरच्या त्या चॅनलखाली चिकटवतो. वेगळा चॅनल मिळाला हाच खरं तर ह्या खरेदीतला अर्धा फायदा, अण्णांच्या आवाजाला धक्का न लावता बेस वर-खाली करता येतोय.

आता खालच्या सुरांचं. हे जरा नीट वाचा, कारण ह्यात मी पहिले दोन महिने माती खाल्ली. आमचे अण्णा काळी एकला गातात, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी चावी हा त्यांचा सा, आन आमची गाणारी बाई काळी पाचला. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. म्हणजे काळी एकचा जो एकदम खालचा सा आहे, ३४.६ हर्ट्झ, तो चार तारांच्या गिटारवर साध्या ट्यूनिंगला निघतच नाही. सिंथवर निघतो. त्यात सब ऑसिलेटर चढवला की अजून खाली. मला वाटलं आता तर मजाच, गिटारवाल्यापेक्षा खोल बेस. हेडफोनवर छाती हादरायची. स्टेजवर? काहीच नाही. मागं उभ्या असलेल्या लोकांना ऐकूच येईना आन पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या मात्र थरथरायल्या. कारण भाड्यानं मिळणारे डबे एवढ्या खालचं काढतच नाहीत, कॉइल नुसती पुढं-मागं हलते, ताकद खाते आन सूर कळत नाही. शिवाय ऑक्टोपॅडची किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा दणका, तिथंच आसपास बसते, ढोलकाचा बाया पण, तिघं एकाच बाकड्यावर.

मग सप्तक एक वर घेतलं. काळी एकचा सा ६९.३ हर्ट्झवर, काळी पाचचा ५८.३ वर. सब ऑसिलेटर जवळपास शून्य. आन लगेच बेस "दिसायला" लागला. आता मामांना पहिलंच सांगतो, माझ्या चॅनलला ४० च्या खालचं कापून टाका. तेवढं केलं की डबे पण मोकळे वाजतात. खोल म्हणजे चांगला असं नसतंय, माणसाला सूर कळाला पाहिजे, आन सूर कळतो तो खालच्या दणक्यापेक्षा वरच्या उपस्वरांतून. म्हणून फिल्टर पण पूर्ण बंद ठेवू नका, मी आधी फिल्टर लई खाली ठेवायचो, गोल गोल मऊ आवाज, घरी छान, मांडवात गायब.

माझा रोजचा पॅच असा, ज्याला पाहिजे त्यानं घ्या. पहिला ऑसिलेटर सॉटूथ, दुसरा ट्रँगल, दोन्हीचं सप्तक १६ वर, दुसरा अगदी कणभर बेसूर, जास्त केला तर लाटा येतात. फिल्टर क्लासिक, लो-पास, २४ डेसिबलची धार, रेझोनन्स शून्य. मॉड एन्व्हलपनं (एन्व्हलप म्हणजे चावी दाबल्यापासून काय कसं चढायचं-उतरायचं ते ठरवणारा भाग) फिल्टर थोडा उघडायचा आन लगेच मिटायचा, त्यानं सुरुवातीला "टक्" येतो, बोटानं तार ओढल्यासारखा. ओव्हरड्राइव्ह पाव भाग, ते मात्र नक्की द्या, बारक्या स्पीकरवर पण बेस कळायला तेच कामाला येतंय. अटॅक शून्य. डिके मध्यम, सस्टेन अर्ध्याच्या वर. आन रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर सूर मरायला लागणारा वेळ, एकदम कमी.

रिलीजवर थांबतो जरा. मी वीस वर्षं कीबोर्ड वाजवायलो, सूर दाबायचा कधी हे मला कळतंय, पण सूर सोडायचा कधी हे बेस हातात आल्यावर शिकलो. साधा केरवा घ्या, आठ मात्रा. पहिल्या मात्रेला सा, पाचव्याला पा, एवढंच वाजवलं तरी गाणं उभं राहतंय. पण तो पहिला सा दुसऱ्या मात्रेवर सोडला तर गाणं उड्या मारतं आन चौथीपर्यंत धरला तर तेच गाणं भजनासारखं बसून जातं. सूर तेच, जागा तीच, फक्त बोट कधी उचललं तेवढा फरक. भीमगीताला जोश पाहिजे, तिथं मी तोडून वाजवतो, ढोलकाच्या थापेबरोबर सूर मेला पाहिजे. संथ गाण्याला धरतो. आमचा बेसवाला उजव्या हाताच्या पंजानं तारा दाबून हेच करायचा आन मला इतकी वर्षं वाटायचं पोरगं उगीच हात चोळत बसतंय.

गोंधळाचं गाणं आलं की मी बेस बंदच ठेवतो. संबळाचं मोठं भांडं स्वतःच खाली एवढं बोलतंय की त्यात आपण पडलो तर दोघांचं पण वाटोळं. एक-दोनदा हौसेनं वाजवून बघितलं, संबळवाल्यानं डोळे वटारले.

आता खरी अडचण. हे कोणत्याच युट्यूबच्या व्हिडिओत सांगत नाहीत कारण तिकडच्या लोकांना ही अडचणच नाही. आपल्या गाण्यात कीबोर्डवाल्याचा डावा हात रिकामा नसतो! उजव्यानं बासरी, सनई, सारंगीचा पीस वाजवायचा आन डाव्यानं बेंडरवर, म्हणजे सूर वर-खाली वाकवायच्या चाकावर, मींड काढायची, गमक काढायची. बेंडरशिवाय सनई म्हणजे गाडीचा हॉर्न. मग डाव्या हातानं बेस वाजवू का बेंडर धरू? पहिले काही प्रोग्राम असं व्हायचं की गाणं मस्त भरलेलं चाललंय, अंतऱ्याआधीचा सनईचा पीस आला की बेस गायब, खालून सतरंजी ओढल्यासारखं वाटायचं. लोकांना कारण कळत नाही, पण नाचणाऱ्या पोरांचे पाय मंदावतात, ते स्टेजवरून स्पष्ट दिसतंय.

ह्यावर जो तोडगा निघाला तो ह्या सिंथच्या मागच्या सस्टेन पेडलच्या जॅकमुळं. पेडल कीबोर्डला न लावता बेस स्टेशनला लावलं. पीस सुरू व्हायच्या आधीच्या मात्रेला डाव्या हातानं सा दाबायचा, पाय द्यायचा, हात उचलून बेंडरवर. सा खाली तानपुऱ्यासारखा धरून राहतोय. आपल्या गाण्यात बरेच पीस सा वरच फिरतात त्यामुळं खपून जातंय, उलट लई भारी वाटतंय, सगळं थांबून खाली एकच सूर आन वर सनई. ह्यासाठी वेगळा पॅच केला, सस्टेन पूर्ण आन फिल्टर जरा मिटलेला, नाहीतर धरलेला सूर टोचतो. पीस जिथं म किंवा प वर जातो तिथं मात्र फसतो, तिथं एका मात्रेत बेंडर सोडून बेस दाबून परत बेंडर, असं माकडासारखं करावं लागतंय. जमतंय दहापैकी सात वेळा. उरलेल्या तीन वेळा ढोलकवाला सांभाळून घेतो, त्याला मी इशारा करून ठेवलाय. पियानोला मात्र आता पेडल नाही, ते तोडूनच वाजवतो, बोटांनीच धरून ठेवायचं.

साहेबलोकांत हे डाव्या हाताचं काम जुनं आहे म्हणा. द डोअर्स नावाचा अमेरिकेतला बँड होता साठच्या दशकातला, स्टेजवर त्यांच्याकडं बेसवालाच नव्हता, रे मँझारेक डाव्या हातानं फेंडर ऱ्होड्सचा पियानो बेस वाजवायचा, ३२ चाव्यांचा, आन उजव्यानं ऑर्गन. पण त्याला सनईची मींड काढायची नव्हती! आपल्याकडचं नाव घ्यायचं तर चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बेस गिटार वाजवणारा माणूस, त्यानं १९८२ साली रोलँडचं टीबी-३०३ नावाचं बारकं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. ते टीबी-३०३ कंपनीनं काढलंच होतं बेस गिटारवाल्याच्या जागी साथ द्यायला, १९८१ ला आलं आन तसं खपलंच नाही, तीन वर्षांत बंद. पुढं शिकागोच्या पोरांनी सेकंड हँड घेऊन त्यातनं ॲसिड हाऊस नावाचं नाचायचं संगीत काढलं. बेस स्टेशनवरच्या "ॲसिड" फिल्टरला ते नाव तिथूनच. मी ते फिल्टर प्रोग्रामात फक्त दहीहंडीला वापरतो, रेझोनन्स चढवून नॉब फिरवला की आवाज चिरका होत वर जातो, पोरं येडी होतात. अण्णांना अजिबात आवडत नाही, "मांजर दाबलं का कुणी" म्हणतात.

ट्रान्सपोजचा किस्सा सांगावाच लागेल, कारण तुम्ही पण ह्यात पडणार. आपण सगळे ट्रान्सपोजवर जगतो, खोटं कशाला बोला. गाणं काळी एकचं असलं तरी कीबोर्ड एक वर चढवून पांढरी एकवरून वाजवायचं, बोटं ओळखीच्या जागी. बेस स्टेशनला पण ट्रान्सपोजचं वेगळं बटण आहे, चांगलंय. पण कीबोर्ड चढवला आन बेस चढवायचा राहिला तर? जे व्हायचं ते झालं, एका लग्नाच्या संगीतात, पहिली ओळ अण्णांनी उचलली, माझा उजवा हात काळी एकला, डावा पांढरी एकला, अर्ध्या सुराचा फरक, आन तो पण १८ इंची डब्यातून. नवरदेवाच्या मामानं कानावर हात ठेवलेले मी स्वतः बघितले. अण्णा गाता गाता थांबले नाहीत, फक्त माइक बाजूला करून म्हणले, "डावा बंद कर." तेव्हापासून मी बेससाठी ट्रान्सपोज वापरणंच सोडलं आन काळी एकवरून डाव्या हातानं खरोखर वाजवायला शिकलो. दोन महिने लागले. उजवा हात अजून पांढरीवरच आहे, त्याला आता नाही जमायचं.

सप्तकाची बटणं पण तशीच. २५ चाव्या म्हणजे दोन सप्तकं, बेसला लागतात तेवढ्या पुरतात, पण अंधारात हात लागून सप्तक बदललं की एकदम हत्ती नाहीतर एकदम डास. सुरू करायच्या आधी एक सूर वाजवून बघायची सवय लावून घ्या.

वैतागाच्या गोष्टी पण आहेतच. डिस्प्ले तीन आकडी, पॅचचं नाव दिसत नाही, नुसता नंबर. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: ६४ केरवा, ६५ धरायचा सा, ६६ दहीहंडी. पॅच बदलला की नॉब जिथं आहे तिथलाच आवाज असतो असं नाही, त्यामुळं नॉबकडं बघून अंदाज बांधू नका, कानानं बघा. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीजचे चार स्लायडर दोन एन्व्हलपना मिळून, बाजूच्या बटणानं ठरवायचं कोणत्या एन्व्हलपला लागू. घाईत चुकीच्या बाजूला राहिलं आन तुम्ही रिलीज कमी करायला गेलात तर फिल्टरचंच काहीतरी होऊन बसतंय. बऱ्याच सेटिंगा चाव्यांच्या वर छापल्यात, फंक्शनचं बटण धरून ती चावी दाबायची. घरी ठीक, स्टेजवर चष्मा लावून कोण वाचणार. आउटपुट एकच आन मोनो, बेसला तेवढंच पाहिजे. आपोआप सूर वाजवणारे आर्पेजिएटर आन सिक्वेन्सर आहेत, मी वापरत नाही, आमचा ढोलकवाला मशीनच्या लयीत बसत नाही आन बसावा असं मला वाटत पण नाही.

लाइटीचं सांगितलं पाहिजे. मला विकणाऱ्यानं सोबत जो अडॅप्टर दिला तो बाजारातला कुठलातरी बिननावाचा होता, तिसऱ्याच प्रोग्रामला जनरेटर सुरू होताना झटका बसला आन अडॅप्टरातनं वास यायला लागला. सिंथ वाचला, नशीब. मग कळालं की हा यूएसबीवर पण चालतोय. तेव्हापासून मोबाइलचा पॉवर बँक लावतो, प्रोग्राम होईस्तोवर आरामात पुरतो. आन एक फुकटचा फायदा झाला, आधी लॅपटॉपच्या चार्जरजवळ प्लग लावला की जी "घूंऽऽ" अशी गुणगुण यायची ती पॉवर बँकवर एकदम गेली, कारण जनरेटरच्या अर्थिंगशी ह्याचा संबंधच तुटला. खेडोपाडी वाजवणाऱ्यांना तर मी म्हणतो ह्या एका गोष्टीसाठी पण विचार करा. लाइट गेली तरी बेस चालू असतो. स्पीकर बंद असतात ती गोष्ट वेगळी.

धुळीला मात्र झाकण पाहिजे. स्लायडरच्या फटीतून माती शिरते, जत्रेत तर विचारूच नका, माळेगावच्या यात्रेच्या दिवसात तिकडं एक प्रोग्राम केला, परत येऊन ब्रशनं झाडला तर कागदावर चिमूटभर माळेगाव निघालं. मी उपरणं टाकून ठेवतो, गाणं सुरू होताना काढतो. बायकोनं गोधडीच्या कापडाची पिशवी शिवून दिलीय, मोटरसायकलवर पाठीला लावून नेतो. बेस गिटार नेताना जेवढी कटकट व्हायची त्याच्या निम्मी पण नाही.

घ्यावा का? ज्याच्याकडं बेसवाला आहे त्यानं घेऊ नये, बेसवाल्याला दोन पैसे जास्त द्यावेत. ज्याचं स्प्लिटवर भागतंय, प्रोग्राम वर्षाला दहा-पंधरा, साउंड म्हणजे दोन टॉप, त्यानं पण थांबावं, त्या साउंडवर फरक कळणार नाही. पण जो महिन्याला आठ-दहा प्रोग्राम करतोय, खाली डबे असतात, आन बेसची जागा रिकामी झालीय, त्यानं सेकंड हँड शोधावा. चाव्या आन स्लायडर हलवून, सगळ्या चाव्यांचा जोर सारखा येतोय का ते वाजवूनच घ्यावा. घेतल्यावर पहिला महिना प्रोग्रामात नेऊ नये, घरी ढोलकवाल्याला बोलवून नुसता केरवा आन दादरा वाजवावा, चहा आपला.

पोळ्याला आमचा बेसवाला गावी आला होता. संध्याकाळी मंदिरापुढं छोटा प्रोग्राम होता, तो खाली लोकांत बसून ऐकायला. मला वाटलं कौतुक करंल. संपल्यावर स्टेजवर आला, सिंथकडं बघितलं, एक-दोन चाव्या दाबून बघितल्या, म्हणला, "भैय्या, आवाज चांगला हाय. पण दुसऱ्या गाण्यात पा वर तुम्ही लवकर यायलाव. ढोलक येऊ द्या, मग या." मी दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. लवकरच यायलो होतो.

कोणाकडं ह्याचा ओरिजिनल अडॅप्टर पडून असंल तर कळवा, लातूर, नांदेड, परभणी, कुठं पण येऊन घेतो.